ग्रासकटरच्या पेट्रोलमध्ये क्लीनर टाकून खरंच काही फरक पडतो का?

बेणणीवाला (लांजा)

मंडळी नमस्कार. आंबा-काजूची बाग आहे, दोन ग्रासकटर आहेत. एक टू-स्ट्रोक ५२ सीसीचा, पाच वर्षं जुना, आणि एक फोर-स्ट्रोक ३५ सीसीचा, तो भावाने तीन वर्षांपूर्वी घेतला. दोन्ही यंदा जुलैत बाहेर काढले तेव्हापासून डोकं खातायत.

टू-स्ट्रोक सात-आठ दोऱ्या ओढल्यावर चालू होतो, स्लोला बरा चालतो पण गवतात घातला की रेस घेत नाही, घुर्र घुर्र करत बसतो, धूर एवढा की शेजारच्या काकी विचारतात काय पालापाचोळा जाळलास काय. अर्ध्या तासाने तर मरतोच. फोर-स्ट्रोकची गोष्ट उलटी, तो चोक लावला की मस्त चालतो आणि चोक काढला की बंद. म्हणजे मी अर्धा चोक ठेवूनच गवत कापतोय सध्या.

आता मुद्दा. गॅरेजला न्यायचं म्हणजे दोन दिवस जातात, पाऊस उघडीप देतो तेवढ्यात काम व्हायला हवं, म्हणून म्हटलं आधी औषध करून बघू. पहिली बाटली अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून आणली, इंजेक्टर क्लीनर लिहिलेली, अडीचशे रुपये. काही नाही. मग ऑक्टेन बूस्टर म्हणून एक आणली, त्यानं पहिल्या दिवशी वाटलं आवाज सुधारला, बायको म्हणाली तुम्हाला पैसे गेलेत म्हणून वाटतंय. तिसरी ऑनलाइन मागवली, बाहेरची, हिची किंमत सांगत नाही. दोन टाक्या झाल्या, इंजिन आहे तसंच. अजून बाटली अर्धी आहे.

तर कोणी वापरलंय का हे, किती टाकायचं, किती टाक्यांनी फरक पडतो? की सगळं थोतांड आहे?

---

पाना_नंबर_दहा (चिपळूण)

थोतांड नाही पण तू चुकीच्या आजारावर औषध देतोयस. गळ्यात घास अडकलेल्या माणसाला तू पोटाचं चूर्ण देतोयस भावा. कार्बोरेटरचं स्लोचं छिद्र बंद असेल तर त्यातून पेट्रोल जातच नाही, मग पेट्रोलमधलं औषध तिथं पोचणार कसं? जिथून पेट्रोल वाहतंय तेवढंच ते धुणार, आणि जिथून वाहतंय तिथं मुळात प्रॉब्लेमच नाही.

दोन गोष्टी सांग मग पुढचं बोलू. टू-स्ट्रोकला लिटरला ऑइल किती टाकतोस, एमएलमध्ये सांग, "थोडं" सांगू नकोस. आणि नोव्हेंबरात मशीन ठेवलीस तेव्हा टाकीत पेट्रोल होतं का?

---

बेणणीवाला

एमएलमध्ये कधी मोजलं नाही खरं सांगायचं तर, ऑइलच्या डब्याचं झाकण आहे त्यानं तीन झाकणं. आत्ता फवारणीच्या मापात ओतून बघितलं, एक झाकण जवळजवळ २२ एमएल भरतं. म्हणजे ६५ च्या आसपास. मला वाटायचं जास्त तेल म्हणजे इंजिनला चांगलंच.

पेट्रोल टाकीतच होतं दोन्हीच्या. यंदा काढलं तेव्हा रंग गेलेला आणि वास व्हार्निशसारखा येत होता, मी त्यातच नवीन ओतलं.

---

पाना_नंबर_दहा

झालं. दोन्ही आजार तूच सांगितलेस.

टू-स्ट्रोक आधी. डब्यावर पेट्रोल-ऑइलचा काय रेशो आहे बघ. ५०:१ म्हणजे लिटरला २० एमएल, ४०:१ म्हणजे २५, जुन्या चायना मशीनवर २५:१ असतं म्हणजे ४०. तू ६५ टाकतोस. ते जादा तेल जळत नाही, सायलेन्सरमध्ये जाऊन काजळी धरतं. सायलेन्सरच्या तोंडाशी आत एक छोटी जाळी असते ठिणगी बाहेर पडू नये म्हणून, नखाएवढी, बहुतेकांना माहितच नसते. ती बुजली की इंजिनला श्वास सोडता येत नाही, मग रेस घेणार कुठून. आणि तेल जास्त म्हणजे त्याच जेटमधून (कार्बोरेटरच्या बारीक छिद्रातून) जाणाऱ्या मालात पेट्रोल कमी, म्हणजे वर मिक्श्चर लीन पण होतं, ते वेगळंच. एक्झॉस्ट पोर्टपण बघून घे, पिस्टन वर आणून लाकडी काडीने काजळी खरवड, स्क्रू ड्रायव्हर घालू नको.

फोर-स्ट्रोक चोकवर चालतो म्हणजे त्याला पेट्रोल कमी पडतंय. कार्बोरेटर उघड. ह्या छोट्या मशीनला फ्लोट नसतो, डायफ्राम असतो, पातळ काळं रबर. ते हातात घेऊन बघ, मऊ असेल तर ठीक, पापडासारखं कडक झालं असेल तर नवीन टाक, किट शंभर-दीडशेला मिळतं. पंपाच्या बाजूला गोल बारीक जाळी आहे ती काढून धू. छिद्रं कार्ब क्लीनरच्या स्प्रेने फुंक, डोळ्यावर चष्मा लाव, उलटं उडतं. सुई घालायची नाही, छिद्र मोठं झालं की कार्बोरेटर भंगारात. अगदीच पाहिजे तर वायरीतली तांब्याची एक तार. टाकीतला फिल्टर आणि पायपा पण बघ.

बाटलीचे पैसे मला दिले असतेस तर दोन्ही करून दिले असते आणि चहापण पाजला असता 😄

---

रसायनवाला (पुणे)

पाना भाऊंनी मेकॅनिकल बाजू सांगितलीच आहे, मी बाटलीत काय असतं ते सांगतो कारण दुकानात सगळंच "फ्युएल अ‍ॅडिटिव्ह" नावाने विकतात आणि आत चार वेगवेगळ्या वस्तू असतात.

एक असतो डिटर्जंट. त्यातला चांगला प्रकार म्हणजे पॉलीइथर अमाइन, पीईए लिहिलेलं असतं. हा गाडीच्या इंजेक्टरवरचा, इनटेक व्हॉल्व्हवरचा थर खरंच काढतो, कम्बशन चेंबरमधलाही थोडाफार काढतो कारण तिथल्या उष्णतेत तो टिकून राहतो. हे चालतं, यात वाद नाही. पण लक्षात घ्या, ज्या गाडीत रोज पेट्रोल वाहतंय तिथं हळूहळू थर कमी करायला. वाळून डिंक झालेल्या छिद्रावर नाही.

दुसरा स्टॅबिलायझर. पेट्रोल हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू खराब होतं, चिकट गम बनतो, तुम्हाला जो व्हार्निशचा वास आला तो त्याचाच. स्टॅबिलायझरमध्ये अँटिऑक्सिडंट असतात, ते ही प्रक्रिया लांबवतात. पण हे ताज्या पेट्रोलमध्ये टाकायचं. नासलेल्या दुधात विरजण-प्रतिबंधक टाकून ते परत दूध होत नाही.

तिसरा ऑक्टेन बूस्टर. ५२ सीसीच्या कमी कम्प्रेशनच्या इंजिनाला त्याचा काडीचा उपयोग नाही, त्याला साधं पेट्रोलच पुरतं. उलट काहींमध्ये फेरोसीन म्हणजे लोखंडाचं संयुग असतं. प्लग काढून बघा, पोर्सेलीन विटकरी लाल दिसत असेल तर तेच, तो थर वीज वाहून नेतो आणि मिसिंग सुरू होतं.

चौथा "पाणी काढणारा". याची गंमत अशी की तो बहुतेक वेळा आयसोप्रोपिल अल्कोहोलच असतो. पेट्रोलमध्ये आधीच २० टक्के अल्कोहोल असताना अजून दोन चमचे टाकून काय साधणार?

आणि ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, तुमच्या फोर-स्ट्रोकशी थोडा संबंध आहे. पेट्रोल पूर्ण जळायला किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च्या आसपास. गाडीत सेन्सर आणि कॉम्प्युटर आहे, तो समजून घेतो आणि पेट्रोल वाढवतो. तुमच्या ग्रासकटरच्या कार्बोरेटरला डोकं नाही, छिद्र आहे तेवढंच आहे. म्हणजे इंजिन आधीच किंचित लीन चालतंय, त्यात छिद्र अर्धं बुजलं की सरळ चोक मागणार.

---

ऊसकरी (सांगली जिल्हा)

इथेनॉलला शिव्या द्यायला लागलात का लगेच 😀 आमची उसाची बिलं त्याच्यावरच निघायला लागलीत थोडी वेळेवर.

पण खरं सांगायचं तर माझ्यापण पॉवर वीडरला तोच त्रास झाला. सात एचपीचा आहे, खालती वाटीवाला कार्बोरेटर. चार महिने शेडमध्ये उभा, टाकी अर्धी. वाटी खोलली तर तळाला पांढरट पावडर आणि वर जेलीसारखं काहीतरी, बोट लावलं तर तार येत होती पाकासारखी. मेन जेट उजेडाला धरला तर पलीकडचं दिसेना. एका बाटलीने काय होणार त्याला.

आता मी एकच करतो. काम संपलं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन चालू ठेवायचं, आपोआप बंद पडेपर्यंत. मग वाटीखालचा स्क्रू ढिला करून उरलेलं फडक्यावर घ्यायचं. दोन मिनिटं लागतात. गेल्या वर्षापासून पहिल्या-दुसऱ्या ओढीत चालू होतोय, बाटली बिटली काही नाही.

एक विचारायचं होतं रसायनवाले साहेब, आमच्याकडे पंपावर ते महाग पेट्रोल मिळतं त्यात इथेनॉल नसतं म्हणतात, खरं का?

---

रसायनवाला

महाग म्हणजे बिनइथेनॉल असं धरून चालू नका, ऑक्टेन जास्त असणं आणि इथेनॉल नसणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. इथेनॉलचा स्वतःचाच ऑक्टेन चांगला जास्त असतो. घरी तपासता येतं की. उंच अरुंद काचेच्या भांड्यात १० एमएल पाणी, त्यावर ९० एमएल पेट्रोल, झाकण लावून नीट हलवा, मधेमधे झाकण ढिलं करून वाफ सोडा आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं, ते सगळं खाली पाण्यात उतरतं आणि पाण्याची रेघ वर चढते. १० वरच राहिली तर इथेनॉल नाही. २८ च्या आसपास गेली तर २० टक्के. हे अंगणात करा, स्वयंपाकघरात नको, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

हीच गोष्ट पावसाळ्यात टाकीत आपोआप होते हे पण सांगून ठेवतो. थोडं पाणी ई-२० सामावून घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून तळाला जाऊन बसतात. टाकीतला फिल्टर तळालाच असतो, म्हणजे इंजिन पहिला घोट तोच घेतं. टू-स्ट्रोकला हे जास्त वाईट कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, खालच्या थरात जवळजवळ नसतंच. बिनतेलाचं इंजिन मग चिकटतं.

---

न्यूजर्सीकर

इकडे लॉनमोअर आणि स्नोब्लोअर, म्हणजे एक उन्हाळ्यात झोपतो आणि एक हिवाळ्यात, त्यामुळे ह्या बाटल्यांचा अनुभव भरपूर. इकडे पंपावर १० टक्केवालं असतं. १५ टक्केवालंही काही ठिकाणी असतं पण त्या नळीवर स्टिकरच असतं की बोटी आणि बागेच्या मशीनला हे वापरू नका, छोट्या इंजिनात ते टाकायला इथं कायद्यानेच मनाई आहे. माझ्या चेनसॉच्या पुस्तकातही १० च्या वर नको लिहिलंय. तुम्ही लोक २० वर चालवताय म्हणजे तुमची मशीन टणकच म्हणायची.

सी फोम हे इकडचं सगळ्यात लाडकं औषध, १९४० च्या दशकापासूनचं, प्रत्येक म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये एक डबा असतोच. त्याचं प्रमाण गॅलनला एक औंस, म्हणजे लिटरला साधारण ८ एमएल, सफाईला दुप्पट. आत काय आहे बघायला गेलो तर हलकं तेल, नॅप्था आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. म्हणजे ज्या अल्कोहोलच्या भीतीने मी ते टाकत होतो ते त्यातच होतं, त्या दिवशी जरा हसू आलं. तरीपण उपयोग होत नाही असं म्हणणार नाही. मोअर थोडा हुंकत होता, आयडलला वर-खाली, तर दुप्पट डोस टाकून दहा मिनिटं चालवला, बंद करून रात्रभर तसाच ठेवला, सकाळी परत चालवला. तिसऱ्या दिवशी हुंकणं गेलं. म्हणजे छिद्र थोडं उघडं असेल तर रात्रभर मुरवून काम होतं. स्नोब्लोअरला हेच केलं तर काही झालं नाही, शेवटी कार्बोरेटर उघडावाच लागला. तेव्हा बाटली आधी आणि पाना नंतर हा क्रम काही चूक नाही, फक्त एकाच बाटलीवर थांबायचं, तीन आणायच्या नाहीत.

बेणणीवाले, तुमची ती किंमत न सांगितलेली बाटली हीच असेल तर रात्रभर मुरवून बघायला काही हरकत नाही हो.

---

काकाश्री

तुम्ही पोरं बाटल्यांना पैसे घालवता, आम्ही राजदूतच्या टाकीत डांबरगोळ्या टाकायचो! दोन गोळ्या टाकल्या की अ‍ॅव्हरेज वाढतो असं आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कनी सांगितलेलं, तो देवमाणूस होता पण गाडी स्वतःची नव्हती त्याच्याकडे. वाढलं बिढलं काही नाही. गणपतीला गावी गेलो दहा दिवस, गाडी उभी, परत आलो तर चालूच होईना. मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला तर आत पांढरे चकचकीत खडे, खडीसाखरेसारखे. पेट्रोल उडून गेलं आणि डांबरगोळी परत डांबरगोळी झाली. त्याने मला विचारलं साहेब कपाट समजलात काय हे.

तेव्हापासून टाकीत पेट्रोल सोडून काही घालत नाही.

---

पाना_नंबर_दहा

काका 🙏🙏 ते खडे मी पण काढलेत लोकांच्या गाडीतून, अजून घालणारे आहेत.

---

बेणणीवाला

अपडेट देतो, चार दिवस पाऊस थांबला नाही त्यामुळे घरातच होतो आणि सगळं खोलून बसलो.

टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचे दोन स्क्रू काढले, टोपी निघाली, आत ती जाळी. पाच वर्षात मला तिचा पत्ताच नव्हता. जाळी म्हणायचं फक्त, डांबराचा पत्रा झालेला, खिडकीशी धरली तर उजेडाचा एक ठिपका आला नाही. आधी फडक्याने पुसून पेट्रोलचा अंश राहिला नाही बघितलं, मग न्हाणीच्या चुलीवर चिमट्यात धरली. तडतड वाजली, धूर आला, लाल झाली आणि मग राख होऊन काजळी झटकन गळून पडली. ब्रशने घासली तर आतून चंदेरी जाळी. आई बघत होती, म्हणाली सुकी मासळी भाजतोस काय. एक्झॉस्ट पोर्टमधून पण चमचाभर काळं निघालं, बांबूच्या काडीने.

टाकी रिकामी करून मिक्श्चर नवीन बनवलं. मशीनच्या पुस्तकात २५:१ होतं, डब्यावर ५०:१, पाना भाऊंना फोटो पाठवला तर म्हणाले डब्यावर ऑइल चांगल्या ग्रेडचं दिसतंय तरी मशीन जुनं आहे, ४०:१ धर. २५ एमएल, फवारणीच्या मापाने. उघडीप मिळाली तेव्हा खालच्या बांधाला घातला. तिसऱ्या ओढीला चालू आणि रेस अशी घेतली की दोन पावलं मीच मागे सरलो. दीड तास सलग चालला.

फोर-स्ट्रोकचा डायफ्राम खरंच पापड. वाकवला तर कडेला चीर गेली. किट बाजारात नव्हतं, रत्नागिरीहून येणाऱ्या एसटीने मागवलं, १३० रुपये. गोल जाळीवर शेवाळासारखा थर. स्प्रे मारताना एका छिद्रातून उलटं डोळ्याशी आलं, चष्मा होता म्हणून वाचलो, तेवढं मात्र सगळ्यांनी ऐका. पाईप पण बदलला, जुना फिल्टरच्या तोंडाशी तडकलेला, कदाचित हवा तिथूनपण ओढत असेल, आता काय माहीत कुठल्या कशाने बरा झाला. पण चोक काढल्यावर चालतो.

आणि ती पाण्याची टेस्ट पण केली, मोजपात्र नव्हतं म्हणून सरबताच्या जुन्या काचेच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवली, मापाने दहा-दहा एमएल पाणी ओतत पेनाने रेघा मारल्या, मग पूर्ण वाळवून केली. पडवीत केली, घरात नाही. पाण्याची रेघ दहावरून चढून २८ च्या जरा खाली थांबली. पोरं बघत होती, त्यांना वाटलं बाबा जादू करतायत. ऊसकरी भाऊ, तुमचा माल चोख मापाने येतोय आमच्या पंपावर.

आता शंका एकच. ऑक्टोबरची बेणणी (बागेतली गवतसफाई) झाली की दोन्ही मशीन जूनपर्यंत झोपणार. तेव्हा स्टॅबिलायझर टाकून भरलेली ठेवू का रिकामी?

---

रसायनवाला

छोट्या टाकीला रिकामीच बरी. स्टॅबिलायझर वर्षभर काय, काही कंपन्या दोन वर्षंही सांगतात, पण तो पेट्रोल जुनं होणं थांबवतो, कोकणातली दमट हवा थांबवत नाही. टाकी रिकामी करा, प्रायमरचा फुगा दाबून पाईपमधलं काढा, मग इंजिन बंद पडेपर्यंत चालवा. डायफ्राम वाळेल म्हणून काहीजण थोडं बिनइथेनॉलचं घालून ठेवतात, ते मिळालं तर उत्तमच.

---

पाना_नंबर_दहा

रिकामी. आणि प्लग काढून भोकात दोन थेंब टू-टी ऑइल टाक, दोरी हळू दोनदा ओढ, प्लग परत लाव. पिस्टन वरती आणून ठेव म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट बंद राहतो, मागच्या वर्षी एकाच्या सायलेन्सरमधून कुंभारीण माशीने आत मातीचं घर केलेलं.

आणि मिक्श्चर महिन्याभरात संपेल एवढंच बनवायचं, पाच लिटरचा कॅन भरून ठेवायचा नाही.

---

न्यूजर्सीकर

कुंभारणीचा फोटो असेल तर टाका राव, इकडे आमच्याकडे उंदीर एअर फिल्टरमध्ये शिरतात.

---

बेणणीवाला

ठीक, रिकामी ठेवतो. उरलेली अर्धी बाटली शेजारच्या काकींच्या पोराला देतोय, त्याची जुनी कार्बोरेटरवाली स्कूटर थोडी हुंकते म्हणाला, रात्रभर मुरवून बघतो. त्याला आधीच सांगितलंय बाटलीकडून जास्त अपेक्षा ठेवू नकोस, आणि किंमत विचारू नकोस.